काचेवरचा कान बहिरा असतो

काचपट्टी | ९ जुलै, रात्री १०:१२

"मॅडम, पुस्तकात पावणेतीन वेढे लिहिलेत. इथे चार कसे दिसतात?"

हा प्रश्न मला एका पोराने प्रॅक्टिकलला विचारला होता, आणि त्या क्षणी त्याला पाच मार्क जास्त द्यायची माझी तयारी होती. आमच्याकडच्या आतल्या कानाच्या स्लाइडी गिनी पिगच्या होत्या. माणसाच्या कानातला शंख (डॉक्टर मंडळी कॉक्लिआ म्हणतात) अडीच ते पावणेतीन वेढ्यांचा असतो, गिनी पिगचा जवळजवळ चार. वर्षानुवर्षं पोरं समोर चार वेढे बघत होती, जर्नलमध्ये पावणेतीन काढत होती, आणि आम्ही सह्या करत होतो.

माणसाचा कान का नाही वापरत? एक तर हा शंख जेमतेम वाटाण्याएवढा, आणि तो ज्या हाडात रुतलेला असतो ते शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी एक. मायक्रोटोमची (पातळ काप काढायच्या यंत्राची) सुरी त्यावर चालत नाही. आधी हाडातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्यासाठी तुकडा ईडीटीएच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे ठेवायचा. दर चार दिवसांनी बाटलीतलं द्रावण बदलणारे आमचे लॅब असिस्टंट "लोणचं मुरतंय" म्हणायचे. दुसरी अडचण याहून मोठी. माणूस गेल्यावर काही तासांतच आतल्या नाजूक पेशी विरघळायला लागतात. देहदानाचा देह आमच्यापर्यंत पोचेस्तोवर ऐकण्याच्या पेशींपैकी बघण्यासारखं फार काही उरलेलं नसायचं.

तर ही स्लाइड. शंख उभा कापलेला, मधोमध हाडाचा खांब, दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक खोलीचे तीन मजले: वर आणि खाली पाण्याचे दोन हौद, मध्ये एक तिरपी त्रिकोणी खोली. तिचं छत म्हणजे रेसनरचा पडदा, इतका पातळ की पहिल्या नजरेत काचेवरचा ओरखडा वाटावा. जमीन म्हणजे बेसिलर पडदा. त्यावर, चाळीसच्या लेन्सखाली, बारीक गावासारखं काहीतरी वसलेलं दिसतं. मधोमध दोन खांब एकमेकांवर रेललेले, त्यांच्यामध्ये तिकोनी पोकळी: हा कॉर्टीचा बोगदा. बोगद्याच्या आतल्या अंगाला केसपेशींची एक ओळ, बाहेरच्या अंगाला तीन ओळी. (केस म्हणजे आपले केस नव्हेत. पेशीच्या माथ्यावर उंचीनुसार लावलेल्या ताठ काड्या.) आणि या सगळ्यावर गुलाबी जिभेसारखा टेक्टोरियल पडदा.

बहुतेक स्लाइडींत ही जीभ वर उचललेली, वळलेली दिसते. पोरं तशीच काढतात. खरं तर ती केसपेशींवर टेकलेली असते, बाहेरच्या पेशींच्या सर्वांत उंच काड्या तर तिच्यात रुतलेल्या असतात. फॉर्मलिन आणि अल्कोहोलने ती आक्रसते आणि सुटते. थोडक्यात, वेढे गिनी पिगचे, जीभ आक्रसलेली, पेशी मेलेल्या. आणि यावरून आपण ऐकण्याची गोष्ट सांगायची!

गंमत म्हणजे ही फसगत फक्त आमच्या पोरांची झाली नाही. आल्फोन्सो कॉर्टी या इटालियन माणसाने जर्मनीतल्या व्युर्झबर्गमध्ये कॉलिकरच्या प्रयोगशाळेत बसून हा अवयव रंगवला आणि १८५१ साली छापला. रंग होता कार्माइन, किड्यांपासून काढलेला. चित्र सुरेख, पण अर्थातच मेलेल्या ऊतींचं. पुढे विसाव्या शतकात बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेतल्या गेओर्ग फॉन बेकेशीने मृतदेहांचे शंख उघडून, आत आवाज सोडून, लुकलुकत्या दिव्याखाली पडदा हलताना प्रत्यक्ष पाहिला. लाट शंखाच्या बुडाकडून टोकाकडे जाते. उंच स्वराची लाट बुडाशीच फुगून विझते, खर्जाची टोकापर्यंत जाते. १९६१ चं नोबेल त्यालाच मिळालं, आणि रास्तच. पण ती लाट फार पसरट होती. एवढ्या पसरट लाटेतून आपल्याला जवळजवळचे दोन स्वर वेगळे कसे कळतात, याचं उत्तर त्यात मिळेना. शिवाय मेलेला पडदा डोळ्यांना दिसेल इतका हलवायला त्याला प्रचंड मोठा आवाज द्यावा लागला होता.

यावर १९४८ सालीच थॉमस गोल्ड नावाच्या तरुणाने बोट ठेवलं होतं. हा युद्धात रडारवर काम केलेला माणूस, पुढे खगोलशास्त्रात गेला. त्याचं म्हणणं असं: सतार पाण्याच्या टाकीत बुडवून छेडा, तार घुमेल का? कानातला पडदाही पाण्यातच आहे. तो जर नेमक्या स्वराला नेमका डोलत असेल, तर त्याला आतून कुणीतरी सतत ढकललं पाहिजे. म्हणजे कान नुसता ऐकत नाही, आवाजात स्वतःची ताकद घालतो. आणि तसं असेल तर कधीतरी कानातून आवाज *बाहेर*ही आला पाहिजे. ऐकलं कुणीच नाही. तीस वर्षांनी, १९७८ साली, लंडनमध्ये डेव्हिड केम्पने निरोगी माणसांच्या कानात छोटा मायक्रोफोन बसवला, टिक् असा आवाज सोडला, आणि काही मिलिसेकंदांनी आतून उलट आवाज आला. साधा प्रतिध्वनी इतका उशिरा येत नाही. बऱ्याच निरोगी कानांतून तर काही न सोडताही अगदी बारीक सूर येत असतो, आपल्याला पत्ताही नसतो.

ढकलणारं कोण, तर बाहेरच्या तीन ओळी. १९८५ साली विल्यम ब्राउनेलने दाखवलं की या पेशींना विजेचा इशारा दिला की त्या लांबीने आखूड-लांब होतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जोनाथन ॲशमोर यांनी तर अशी एक पेशी गाण्याच्या तालावर नाचवली, ती चित्रफीत नेटवर सापडते, जरूर बघा. हे करणारं प्रथिन २००० साली सापडलं. नाव प्रेस्टिन, संगीतातल्या 'प्रेस्टो'वरून, म्हणजे आपली द्रुत लय.

एका कानात बाहेरच्या केसपेशी साधारण १२,०००, आतल्या ३,५००. मेंदूकडे ऐकलेलं पाठवणाऱ्या नसांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त त्या साडेतीन हजारांना जोडलेल्या. बारा हजार हमाल, साडेतीन हजार तारमास्तर.

तीस वर्षं शिकवलं आणि हे माझ्या लेक्चरमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत यायचं. म्हटलं इथे तरी सविस्तर लिहावं.

---

वेंगुर्लेकर | ९ जुलै, रात्री ११:०५

वाखु (वाचनखूण) साठवली. ताई, एक शंका. विहिरीत बुडी मारली की काठावरचा माणूस बोंबलला तरी आत नीट ऐकू येत नाही. मग कानातच पाणी भरलेलं असेल तर आवाज आत शिरतो कसा?

---

तिरकिट | ९ जुलै, रात्री ११:४०

लेख आवडला, हमाल-तारमास्तर तर फारच. मी तबला वाजवतो, म्हणून विचारतो: सप्तकं त्या पडद्यावर कशी मांडलेली असतात? पेटीच्या पट्ट्यांसारखी?

---

काचपट्टी | १० जुलै, सकाळी ७:३०

वेंगुर्लेकर, तुमची शंका म्हणजे मधल्या कानाचा सगळा धडा आहे. हवेतला आवाज पाण्यावर आपटला की ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. म्हणून मध्ये हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं. कानाच्या पडद्याचा कामाचा भाग साधारण ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीचा तळवा ३ च्या आसपास. मोठ्या पडद्यावरचा जोर छोट्या खिडकीवर एकवटतो: सतरापट. हाडांच्या तरफेमुळे अजून १.३ पट. म्हणजे दाब वीस-बावीसपट होऊन पाण्यावर पडतो. टाचणी टोचते आणि बोट टोचत नाही, तेच. विहिरीत तुमच्या कानाबाहेरही पाणी असतं, आणि काठावरचा आवाज विहिरीच्या पाण्यावरूनच परत गेलेला असतो.

तिरकिट, तुमच्यासाठी संध्याकाळी. नातवाला शाळेत सोडायचंय.

---

अर्धवटराव_नव्हे | १० जुलै, सकाळी ११:२०

सगळं कळलं, पण काडी हलली म्हणजे वीज कशी तयार होते हे गाळलंत. मुद्द्याचं तेच की.

---

मालाडकर | १० जुलै, दुपारी १:०२

एवढं सगळं आत असेल तर कान साफ करणं किती गरजेचं! मी रोज आंघोळीनंतर बड घालतो. लोकलमध्ये चावी. आजपर्यंत काही झालेलं नाही.

---

पोपटी_पाऊस | १० जुलै, दुपारी १:१५

@मालाडकर चावी???

---

मालाडकर | १० जुलै, दुपारी १:१९

स्वच्छ असते हो. गोदरेजच्या कपाटाची.

---

काचपट्टी | १० जुलै, संध्याकाळी ६:४५

मालाडकर, नका. अहो, तुमच्या कानात आधीच सरकता जिना बसवलाय. कानाच्या पडद्यावरची कातडी मधून कडेकडे आणि मग नळीतून बाहेर सरकत असते, पडद्यावर दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर. नखं वाढतात साधारण तितक्याच वेगाने. मळ त्याच्यावर बसून बाहेर येतो. मळ तयारच होतो नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात, जिथे कूर्चा, केस आणि ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, कातडी कागदासारखी, तिथे मळ मुळात बनतच नाही. तिथे सापडला तर तो कुणीतरी ढकललेला असतो. बडने.

अर्धवटराव_नव्हे, बरोबर पकडलंत. काड्यांची उतरंड असते, आणि प्रत्येक ठेंगण्या काडीचं टोक शेजारच्या उंच काडीला एका अतिसूक्ष्म दोरीने बांधलेलं असतं. १९८४ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जेम्स पिकल्स आणि सहकाऱ्यांनी या दोऱ्या दाखवल्या. आमच्या साध्या मायक्रोस्कोपच्या आवाक्यात त्या कधीच येणार नाहीत. काड्या उंच बाजूला झुकल्या की दोरी ताणते, ठेंगण्या काडीच्या टोकाशी असलेलं दार उघडतं आणि पोटॅशियम आत घुसतं. मध्ये कुठलं रसायन नाही, निरोप्या नाही. म्हणून हे इतकं जलद. डोळ्याला याच्या तुलनेत बराच वेळ लागतो.

आता घुसायला जोर कुठला? मधल्या त्रिकोणी खोलीतलं पाणी वेगळं आहे. शरीरात पेशीबाहेर सहसा सोडियम जास्त असतं, इथे पोटॅशियम, आणि वर +८० मिलिव्होल्टचा भार. पेशीच्या आत उणे. दोन्ही मिळून सव्वाशे ते दीडशे मिलिव्होल्ट. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलच्या साधारण एक दशांश. ही बॅटरी चार्ज ठेवते खोलीच्या बाहेरच्या भिंतीवरची पट्टी, स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस. स्लाइडमध्ये तिच्यात रक्तवाहिन्याच रक्तवाहिन्या दिसतात. केसपेशींमध्ये मात्र एकही नाही. वीजघर गावाबाहेर ठेवलंय. गावात ठेवलं असतं तर रक्ताची धडधडच ऐकत बसलो असतो.

---

रात्रपाळी_सिस्टर | १० जुलै, रात्री ९:३०

हे वाचून अंगावर काटा आला. आयसीयूत आम्हाला पहिल्या दिवशी बजावलेलं, फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन भरकन द्यायचं नाही, कानावर परिणाम होतो. पाठ केलं, पाळलं, कारण कुणी सांगितलं नाही. लघवीच्या औषधाचा कानाशी संबंध काय, असं मनात यायचं. म्हणजे ते या बॅटरीवर जातं?

---

काचपट्टी | १० जुलै, रात्री ९:५२

अगदी तिथेच. मूत्रपिंडात क्षार उचलणारा जो पंप ते औषध अडवतं, त्याचा सख्खा भाऊ या पट्टीत आहे. बॅटरी उतरते, ऐकू कमी येतं, औषध ओसरलं की सहसा परत चढते. सोबत जेंटामायसिनसारखं प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालू असेल तर मात्र धोका वाढतो. ती औषधं बाहेरच्या केसपेशींत शिरून त्यांनाच मारतात, आणि ते परत येत नाही. सुरुवात शंखाच्या बुडापासून, म्हणजे उंच स्वरांपासून. म्हणून रुग्णाला आधी कळतच नाही. बोलणं ऐकू येत असतं.

तिरकिट, आता तुमचं. शंख उलगडला तर पडदा साधारण ३५ मिलिमीटर लांब. बुडाशी अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. शंख बुडाशी जाड आणि टोकाशी निमुळता, पडदा नेमका उलटा, हे पोरांना कधी पटायचं नाही. तार स्वर बुडाशी, खर्ज टोकाला. आणि मांडणी चक्क पेटीसारखीच आहे: वारंवारता दुप्पट झाली की पडद्यावर जवळपास तेवढंच अंतर, एका सप्तकाला साधारण पाच मिलिमीटर. अगदी टोकाला मात्र खालची सप्तकं दाटीवाटीने बसवलीयेत. आता हिशेब करा. आतल्या केसपेशी ३,५००, लांबी ३५ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला शंभर. सप्तकाला पाचशे. बारा सुरांत वाटल्या तर दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये चाळीसेक पेशी. श्रुतींवरून भांडायला जागा भरपूर आहे.

---

तिरकिट | १० जुलै, रात्री १०:२५

चाळीस! आमचे गुरुजी म्हणतात, तू पट्टीला लावलास पण सुराला नाही लावलास. आता कळलं ते कुठे बोट ठेवत होते.

जरा अवांतर, पण इथेच शोभेल. साध्या चामड्याला सूर नसतो, नुसता धप्प आवाज, कारण त्याचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याची शाई ते जुळवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली एस. कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये हे मांडलं होतं, शाईमुळे उपस्वर पूर्ण पटींत येतात म्हणून. म्हणजे तबला लावलेला असतो तेव्हा तुमच्या त्या पडद्यावर एकाच वेळी पाच ठिकाणी नेमक्या अंतरावर हालचाल होत असणार. असंच ना?

---

काचपट्टी | १० जुलै, रात्री १०:४०

असंच. आणि पुढची गंमत ऐका. फोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही जात नव्हतं, जुन्या लँडलाइनवर तर नाहीच. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १५० च्या घरात. म्हणजे वडिलांचा मूळ सूर तारेतून यायचाच नाही, नुसते उपस्वर यायचे. तरी त्यांचा आवाज आपल्याला भरदारच ऐकू यायचा. पडद्यावर ती जागा हललेली नसते, मेंदू उपस्वरांवरून मूळ सूर लावून घेतो. त्यात नसांच्या ठोक्यांची वेळही कामाला येते; साधारण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत नसा लहरीबरोबर ठेका धरू शकतात. नुसत्या जागेवर ऐकणं संपत नाही.

---

पोपटी_पाऊस | ११ जुलै, सकाळी ८:१०

'कानात प्राण आणून ऐकणे' हा वाक्प्रचार आता वेगळाच वाटायला लागलाय. नुसताच अलंकार, की लक्ष देऊन ऐकताना कानात खरंच काही बदलतं?

---

काचपट्टी | ११ जुलै, सकाळी ८:४४

मेंदूकडून कानाकडे *येणाऱ्या* नसाही असतात. त्या मेंदूच्या देठातून निघून थेट बाहेरच्या केसपेशींच्या बुडाशी येऊन पोचतात आणि त्यांचा जोर कमी-जास्त करतात. गोंगाटातून एक आवाज वेचायला त्यांची मदत होते असा अंदाज आहे. त्यामुळे वाक्प्रचाराला माझी सही.

---

बाळंतविडा | ११ जुलै, दुपारी ३:३०

माझी लेक २३ दिवसांची आहे. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिच्या कानात छोटी नळी घालून तपासणी केली, डाव्या कानाला 'रेफर' आलं, म्हणजे पुन्हा तपासा. कुणी नीट समजावलं नाही, चिठ्ठी हातात दिली. मी तीन आठवडे नीट जेवले नाहीये. दार आपटून बघायचे, थाळी वाजवून बघायचे. काल परत तपासलं, दोन्ही कान 'पास'. हा धागा वाचताना लक्षात आलं की ती नळी म्हणजे केम्प यांचा मायक्रोफोन. म्हणजे काल मशीनने तिच्या कानातून *आलेला* आवाज ऐकला?

---

काचपट्टी | ११ जुलै, दुपारी ३:४१

हो गं. तिच्या बाहेरच्या केसपेशींनी मशीनला उत्तर दिलं. जन्मल्यावर पहिले एक-दोन दिवस कानात चिकट पांढरा थर किंवा मधल्या कानात पाणी असतं, उत्तर बाहेर पोचत नाही. म्हणून पुष्कळ बाळांना पहिल्यांदा रेफर येतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता जेव.

---

तिसऱ्या_रांगेतला | १२ जुलै, रात्री ११:५५

नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहितोय. पुण्यात ढोल पथकात आहे, सातवं वर्ष. सराव सुरू झालाय. रात्री घरी आलो की कानात कुकरची शिट्टी लांबवर वाजतेय असं वाटतं, सकाळपर्यंत थांबते. कापूस घालतो. थांबते म्हणजे ठीकच ना?

---

काचपट्टी | १३ जुलै, सकाळी ७:०५

ठीक नाही. कापसाने जेमतेम काही डेसिबल अडतात. फोमचे बोळे मिळतात, दाबून बारीक करून आत घालायचे, ते नीट बसले तर वीस-पंचवीस तरी कमी होतात. गणित असं: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमचा सराव किती तास?

शिट्टी थांबते, ऐकू परत येतं, तरी सगळंच परत आलेलं असतं असं नाही. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांत दाखवलं की तपासणी पूर्ववत येते, केसपेशी शाबूत दिसतात, पण आतल्या पेशी आणि नसा यांच्यातले बरेचसे जोड कायमचे गेलेले असतात. कोंबडीच्या कानात केसपेशी नव्या उगवतात, हे १९८८ साली कळलं. आपल्याला ती सोय नाही.

ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढून घ्या. ४,००० हर्ट्झपाशी खड्डा आहे का बघा. तिथेच का, तर आपल्या कानाची नळी अडीच सेंटिमीटरची. बासरीसारखी ती ३,००० च्या आसपास घुमते आणि तो भाग वाढवून आत पाठवते. इजा त्याच्या थोडी वर होते.

---

तिसऱ्या_रांगेतला | १६ जुलै, रात्री १०:३०

काढला. २,००० पर्यंत दोन्ही सरळ. ४,००० ला उजवा ३० डेसिबल खाली, डावा ४५. ८,००० ला परत वर. डावीकडे ताशेवाला उभा असतो.

---

काचपट्टी | १६ जुलै, रात्री १०:४८

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सराव होता का? असेल तर यातलं थोडं तात्पुरतंही असू शकेल. किमान १४ तास पूर्ण शांततेत काढून पुन्हा करा, मग खरा आकडा कळेल. आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

---

तिसऱ्या_रांगेतला | १६ जुलै, रात्री ११:०१

सराव होता. १४ तास शांतता म्हणजे गावी जावं लागेल, आमच्या खिडकीखालीच मांडवाचे खांब उतरलेत. फोमचे बोळे आणलेत, दोन पाकिटं. एक ताशेवाल्याला दिलं. तो म्हणाला, "काय?"